वाचकांचे प्रश्न : पोरांना शेत दाखवायचं का शेती?

प्रश्न : नमस्कार सर, मी कोल्हापुरात चौथीच्या वर्गाला शिकवते. गेल्या वर्षी मुलांना कृषी पर्यटनाला नेलेलं. बैलगाडीत बसली, पिठलं-भाकरी खाल्ली, भरपूर फोटो झाले. आल्यावर विचारलं गूळ कशापासून होतो, तर निम्म्या वर्गाचं उत्तर, ‘दुकानातनं आणतात’. यंदा दिवाळीनंतर सहल आहे, काय दाखवू?
– एक शिक्षिका, रंकाळा परिसर

उत्तर : मॅडम, एका दिवसात बैल, विहीर, ट्रॅक्टर, गोठा सगळं दाखवलं की पोरांच्या डोक्यात शेवटी बैलगाडी तेवढी राहते. माझं म्हणणं, एकच पीक धरा आणि ते रानापासनं डब्यापर्यंत न्या. आणि कोल्हापुरात राहून दुसरं पीक शोधायला कशाला जायचं ओ, शहर सोडलं की ऊसच ऊस, आणि तुम्ही म्हणताय त्या दिवसांत गुऱ्हाळं पण पेटलेली असतात.

आधी रानात जावा. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, कारण उसाचा पाला कापतो. तोडलेली कांडी हातात द्या आणि विचारा ह्याचं बी कुठंय, पोरं शोधत बसतील, मग पेरावरचा डोळा दाखवा, शेतकरी तीच कांडी पुरतो नाहीतर डोळ्यापासनं केलेलं रोप लावतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावतात आणि तुटायला 16 ते 18 महिने लागतात, म्हणजे पोरगं तिसरीत असताना लावलेला ऊस चौथीत तुटतोय. एवढं जरी कळलं तरी पुष्कळ झालं.

फडात तोडणीची टोळी असली तर बीडकडची माणसं भेटतील, त्यांची पोरंही बरोबर असतात, बऱ्याचदा तुमच्या वर्गाच्याच वयाची. त्यांना फोटोला उभं करू नका, पोरापोरांना आपसात बोलू दे.

मग गुऱ्हाळ. इथं घाई करू नका, एक आधण, म्हणजे रसाची एक खेप, चढल्यापासनं उतरेपर्यंत थांबा, काही तास जातील पण खरी मजा तिथंच आहे. घाण्यातनं रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत येतो, खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडं जळतात, रसात चुना आणि भेंडीचा चिकट रस घालतात आणि वर आलेली मळी झाऱ्यानं काढत राहतात. आधण होत आलं की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटानं गोळी वळून बघतो, ती बरोबर जमली की काहील उतरवायची, जरा चुकलं की गूळ बसत नाही नाहीतर करपतो. तिथं थर्मामीटर नाही, सगळं त्याच्या बोटात आणि नजरेत. पोरांना हे बघू दे, पण काहिलीपासून चांगलं लांबनं, मालकाला आधीच दोरी बांधायला सांगा, उकळता पाक अंगाला चिकटला तर सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास ह्यावरच घ्या. एक टन उसापासून साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ होतो, मग बाकीचं गेलं कुठं? थोडं मळीत गेलं, चिपाडं वाळून चुलीत गेली, आणि रसातलं पाणी वाफ होऊन धुराड्याच्या बाजूनं वर गेलं ते तर पोरांनी डोळ्यांनी बघितलेलं असतंय. त्याच्यापुढं तोडणी, वाहतूक, गुळव्याची मजुरी, अडत, हमाली ओळीनं मांडा आणि शेतकऱ्याच्या हातात काय उरतं ते पोरांनाच काढू दे, आकडे त्याच मालकाला विचारा, सांगतील, नाहीतर वैतागून तरी सांगतील.

जाता जाता, कोल्हापुरी गुळाला 2014 ला भौगोलिक मानांकन मिळालं तरी आपण गिऱ्हाईक पिवळाधमक रवाच, म्हणजे गुळाची ढेपच उचलतो, आणि तसा रंग यावा म्हणून काही ठिकाणी रसात पावडर घालतात. गडद रवा शेजारी ठेवून वर्गात दोन्ही चाखायला द्या, वाद होईल, होऊ दे.

आणि वर्गात विचारून बघा, निम्म्यांचे आजी-आजोबा करवीर, पन्हाळा, राधानगरीकडं शेतीच करत असतील. एखाद्या आज्जीला तासाला बोलवा, भांगलणीचं, म्हणजे रानातलं तण काढण्याचं बोलायला लागल्या की घंटा झाली तरी थांबायच्या नाहीत.

प्रश्न : शाळेच्या गच्चीवर कुंड्यांत कोथिंबीर लावली, दोनदा उगवलीच नाही. मुलं नाराज झालीत.
– एक पालक, राजारामपुरी

उत्तर : अख्खे धने टाकले असणार. एका धन्यात दोन बिया असतात, चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर पोरं रोज उकरून बघतात आणि तिथंच घात होतो. म्हणून शेजारच्या कुंडीत मेथी टाका, ती तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात भाजीला होते. पाण्याची पाळी मात्र पोरांना वाटून द्या, शिपायाला नको.