आवडता कलाकार रस्त्यात, गाडीत किंवा नाट्यगृहात अचानक समोर आला तर सही मागावी की सेल्फी? आणि बोलायचं काय?

सही.

एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं, पण ‘हल्ली सह्या कोण घेतं’ हे वाक्य मी घरातच इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहितो. आमचे मेहुणे सेल्फीवाले. त्यांच्या मते सही म्हणजे कागदावरचा गिरगोटा, ती कुणाची हे वाचताही येत नाही. फोटोत निदान तोंड दिसतं. त्यांचा निम्मा मुद्दा बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो. पण सह्या वाया जातात त्यात दोष सहीचा नसतो, घेणाऱ्याचा असतो.

पेनापासून सुरुवात करू. साधं दाबायचं बॉलपेन, ०.७ किंवा १ मिलिमीटर टोकाचं, निळं. टोपणवालं नको, कारण टोपण कुठे ठेवायचं या गोंधळात तुमचे पाच सेकंद जातात आणि समोरच्याकडे एकूण असतात वीस. पेन खिशात महिनाभर टोक वर करून राहिलं असेल तर पहिली रेघ कोरी उमटते. म्हणून माणूस दिसला की आधी तळहातावर किंवा मागच्या पानावर दोन गोल गिरवा, मग पुढे व्हा. ‘अहो, हे चालत नाहीये’ हे त्याच्या तोंडून ऐकण्यासारखी नामुष्की नाही. शाईपेनाची निळी शाई दिसते सुंदर, पण पाण्याचा एक थेंब पडला की सही गेली. आपल्याकडे चार महिने पावसाळा असतो. जेल पेनाची शाई वाळायला वेळ लागतो आणि डावखुरा माणूस लिहिताना तळहात त्याच ओळीवरून ओढत नेतो. सचिन तेंडुलकर बॅटिंग उजव्या हाताने करायचा, लिहितो मात्र डाव्या हाताने. अशा हातात जेल पेन दिलंत की नावाची शेपटी पुसलीच म्हणून समजा.

कागद बिनरेघांचा, जरा जाड. खिशात मावेल एवढी कोऱ्या पानांची वही पुरते. ज्या पानावर सही हवी तिथे आधीच रबर लावून ठेवा, म्हणजे वही हातात घेतल्याबरोबर तेच पान उघडतं. एका पानावर एकच सही आणि मागची बाजू कोरी. ग्लॉसी फोटोवर बॉलपेन घसरतं, तिथे काळा परमनंट मार्कर लागतो. तोच मार्कर वहीच्या पातळ पानावर चालवलात तर शाई पलीकडे उतरते आणि काही वर्षांनी अक्षराभोवती पिवळट कडा धरते. पुस्तकावर सही घ्यायची तर आतल्या, लेखकाचं नाव छापलेल्या पानावर घ्या. मुखपृष्ठाच्या गुळगुळीत पाठीवर शाई धरत नाही.

आता तिकिटं. ‘मी त्या प्रयोगाच्या तिकिटावरच सही घेतली’ असं लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. ते तिकीट नखाने जरा ओरखडून बघा. काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद: बसचं तिकीट, हॉटेलचं बिल, एटीएमची पावती, बरेचसे बोर्डिंग पास याच जातीचे. त्यावर शाईने छापलेलं काही नसतं, उष्णतेने काळं पडणारा लेप असतो. दोन-चार वर्षांत नाटकाचं नाव, तारीख, खुर्ची क्रमांक सगळं उडून जातं आणि कोऱ्या चिटोऱ्यावर नुसती सही लोंबकळत राहते. त्याहून वाईट म्हणजे जपून ठेवायचं म्हणून कुणीतरी ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशनला देतं. लॅमिनेशनचं मशीन शंभर अंशांच्या वर तापतं, हा कागद त्याच्या बराच आधी काळा पडायला लागतो. एका बाजूने पांढरं गेलेलं तिकीट दुसऱ्या बाजूने तव्यावरच्या करपल्या पापडासारखं बाहेर येतं, आणि आत अडकलेली सही काळ्यावर निळी, उजेडात तिरपं धरलं तरच दिसणारी. हे मी ऐकीव लिहीत नाही एवढंच सांगतो. मशीनमध्ये कुणी घातलं, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

तुम्ही रस्ता, गाडी, नाट्यगृह असं सगळं विचारलंय. मला सगळ्यात जास्त नाट्यगृहाबद्दल सांगायचंय, कारण मराठी नाटकाइतकं कलाकाराच्या जवळ जायला दुसरीकडे कुठे मिळत नाही. शिवाजी मंदिर असो, गडकरी रंगायतन असो की बालगंधर्व, प्रयोग संपल्यावर प्रेक्षक रंगपटात जाऊन भेटतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण वेळ चुकते. प्रयोगाआधी जाऊ नका. मेकअप चाललेला असतो, पहिली घंटा झालेली असते, माणूस संवाद मनात घोळवत असतो. मध्यंतरातही नको. ती दहा-पंधरा मिनिटं कपडेबदल आणि चहाची असतात, आणि तुमच्या हाताला बटाटेवड्याचं तेल असतं. यात विनोद काही नाही. तेलाचं बोट कागदाला लागलं की तेवढ्या जागी बॉलपेन घसरतं, अक्षर मधेच तुटतं आणि तो डाग वर्षागणिक पिवळा होत जातो.

पडदा पडल्यावर लगेच धावायचं नाही. पहिली पाच मिनिटं आयोजक आणि नातेवाइकांची. मग टोप निघतो, मिशी निघते, कपड्यातला माइक निघतो आणि मेकअप उतरवायला बरेच जण अजूनही खोबरेल तेल वापरतात. म्हणजे या वेळी कलाकाराचे हातही तेलाचे. तोंड धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून माणूस बाहेर आला की तुमची वेळ झाली. पडद्यापासून साधारण पंधरा-वीस मिनिटं धरा. तरीही वही त्याच्या हातात देऊ नका. खाली पुठ्ठा धरून तुम्हीच दोन्ही हातांनी घट्ट पकडा, त्याने फक्त पेन धरावं. कागदावर बोटं उमटत नाहीत आणि वही हलत नसल्यामुळे सही सरळ येते.

दुपारच्या प्रयोगाला घाई असते. रात्रीच्या नाटकाचा नेपथ्याचा टेम्पो बाहेर उभा असतो, रंगमंच रिकामा करून द्यायचा असतो, व्यवस्थापक सगळ्यांना हाकलत असतो. रात्रीचा प्रयोग बरा, मात्र दौऱ्यावर नसेल तर. दौऱ्याची बस निघायची असेल तर कलाकार जेवणाचा डबा घेऊन थेट गाडीत चढतो. तुमच्या गावात प्रयोग असेल तर नेपथ्य भरणाऱ्या माणसाला विचारा, ‘आज मुक्काम की लगेच निघणार?’ त्याच्याइतकी पक्की माहिती आयोजकालाही नसते.

नाव लिहून घ्या, हे फार महत्त्वाचं. ‘अमुकला शुभेच्छा’ असं लिहून घेतलेल्या सहीला बाजारात भाव कमी, म्हणूनच कलाकार ती मोकळेपणाने देतो. कोऱ्या कागदावर, आणि त्यातही चार-पाच प्रती मागणारा माणूस विकणारा असतो हे त्यालाही कळतं. नील आर्मस्ट्राँगने लोक सह्या विकतात म्हणून १९९४पासून सह्या देणंच बंद केलं. गांधीजी सहीचे पाच रुपये घ्यायचे आणि हरिजन निधीत टाकायचे. मला विचाराल तर फुकट्यांवर याहून चांगला उपाय निघालेला नाही. तुमचं नाव अवघड असेल तर आधीच चिठ्ठीवर ठळक लिहून ती वहीलाच लावून ठेवा. ‘हृषीकेश’ तोंडी सांगून बरोबर लिहून मिळेल अशी आशा धरू नका.

मेहुण्यांचा ‘ही खरी कशावरून’ हा प्रश्न पोस्टाने आलेल्या किंवा विकत घेतलेल्या सहीबाबत रास्त आहे. छापील सह्या, रबरी शिक्के, सचिवांनी केलेल्या सह्या, सही गिरवणारं यंत्र, सगळं अस्तित्वात आहे. ओळखायची एक सोपी रीत सांगतो: दोन सह्या एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. तंतोतंत जुळल्या तर माणसाच्या हाताच्या नाहीत. आपण स्वतःसुद्धा बँकेत दोनदा सारखी सही करू शकत नाही. पण समोर उभं राहून घेतलेल्या सहीला हा प्रश्न येतोच कुठे?

गाडीत भेट झाली तर धावत्या डब्यात वही पुढे करू नका. घाटात तर नकोच, अक्षर भूकंपमापकाच्या रेघेसारखं येतं. गाडी थांबली की मागा. डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये समोरच्या टेबलावर कुणी दिसलं तर त्याचं ऑम्लेट संपू द्या. विमानतळावर सुरक्षा तपासणीची रांग टाळा, सामानाचा पट्टा बरा, तिथे सगळेच रिकामटेकडे उभे असतात. क्रिकेटची बॅट घेऊन फिरत असाल तर ती तेल न लावलेली हवी, आणि सही घेतल्यावरही तेल लावू नका. टी-शर्टवर हवी असेल तर आत पुठ्ठा घालून कापड ताणून धरा. नोटेवर सही मागू नका. नोटांवर लिहू नये असं रिझर्व्ह बँक सांगत आली आहे, आणि समोरच्याला तुम्ही उगाच पेचात टाकता.

बोलायचं काय? एक वाक्य. ‘मी तुमचा खूप मोठा फॅन आहे’ हे नको, ते त्याने दिवसात वीसदा ऐकलेलं असतं. एखादा प्रसंग सांगा, एखादी जागा, एखादी तान, एखादा झेल. ती का आवडली, तेवढं बोला. सही होईपर्यंत गप्प बसा, कारण बोलणाऱ्याकडे बघत सही करणारा माणूस नाव अर्धवट सोडतो. ‘ओळखलंत का मला?’ हे तर कधीच विचारू नका.

घरी आल्यावर त्याच रात्री पानाच्या मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण, प्रसंग लिहा. पेन्सिलीनेच, कारण पेनाची शाई पुढे उतरते. चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडून निघून जाते, डिंकाचा डाग मात्र कायमचा राहतो. पारदर्शक पाकिटात ठेवायचं तर वास घेऊन बघा. रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी आहे, काही वर्षांनी शाई उचलून स्वतःला चिकटवून घेतं. पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या, फोटोच्या चांगल्या अल्बममध्ये असतं तसं. भिंतीवर फ्रेम करून उन्हासमोर टांगू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नको आणि डब्यात सिलिका जेलची पुडी हवी, नाहीतर बुरशी, आणि बुरशीपाठोपाठ कसर.

आता राहिलेलं. हे सगळं माणूस मोकळा असेल तेव्हाच. दवाखान्यात, अंत्ययात्रेत, लहान मुलाला कडेवर घेतलेलं असताना, तोंडात घास असताना किंवा फोन कानाला असताना काहीही मागायचं नाही. नजर मिळाली तर मान झुकवून पुढे जायचं. बायका कलाकारांच्या बाबतीत हातभर अंतर ठेवा, फोटोसाठी खांद्यावर हात टाकू नका. पुरुषांच्याही टाकू नका खरं तर. नाही म्हणाले तर ‘बरं’ म्हणा, पुन्हा विचारू नका.

आणि मेहुण्यांचा निम्मा बरोबर मुद्दा: फोटोही काढावा. पण सेल्फी नको. पुढच्या कॅमेऱ्याची काच रुंद कोनाची असते, कडेला येणारं तोंड ताणलं जातं, आणि कडेला बहुधा पाहुणाच येतो. मधोमध तुम्ही, कोपऱ्यात फुगलेल्या गालाचा नटसम्राट. फोन दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, काच सदऱ्याला पुसून द्या, मागचा कॅमेरा लावा आणि तो सही करत असतानाचा फोटो काढायला सांगा: हात, पेन, वही आणि चेहरा एका चौकटीत. त्या सहीला याहून मोठा पुरावा नाही. हा फोटो छापून सहीच्याच पाकिटात ठेवा, फक्त दोघांच्या मध्ये एक कोरा कागद घाला. दमट हवेत फोटोचा चकचकीत थर शाईला चिकटतो आणि सोडवायला गेलात की दोन्ही फाटतात.