मास्टर्स स्नूकर: निमंत्रितांच्या स्पर्धेविषयी काही प्रश्न

प्रश्न: लंडनची मास्टर्स स्पर्धा जिंकून मानांकनाचे गुण मिळत नसत. मग तिला एवढा मान का?

कारण तेथे सोपा सामना वाट्याला येतच नसे. १९७५ साली फुलहॅममधील एका हॉटेलात पहिली मास्टर्स झाली, तेव्हा व्यावसायिक खेळाडूंची मानांकन यादीच अस्तित्वात नव्हती आणि निवडक दहा जणांना निमंत्रण होते. ही संख्या १९८३ मध्ये सोळा झाली आणि १९८४ पासून यादीतील पहिल्या सोळा जणांना बोलावण्याची प्रथा पडली. म्हणजे पहिल्याच फेरीत जगज्जेत्याशी गाठ पडू शकत असे. जेतेपदाची किंमत वाटेत कोणाला हरवले यावरून ठरते, असे मी मानतो. १९७७ साली ऐनवेळी रिकाम्या झालेल्या जागेवर आलेल्या डग माउंटजॉयने आपल्या पहिल्याच व्यावसायिक स्पर्धेत, अंतिम सामन्यात तत्कालीन जगज्जेत्या रे रीअर्डनला ७-६ असे नमवले, त्यामागे गुणांची कोणतीही ओढ नव्हती.

प्रश्न: पहिल्या मास्टर्सचा निकाल एका चेंडूवर लागला, हे खरे आहे का?

होय. जॉन स्पेन्सर आणि रीअर्डन ८-८ असे बरोबरीत असताना शेवटच्या फ्रेममध्येही (फ्रेम म्हणजे सामन्यातील एक डाव) गुण समसमान झाले. अशा वेळी काळा चेंडू पुन्हा त्याच्या जागी ठेवतात, नाणेफेक होते, पांढरा चेंडू ‘डी’मधून, म्हणजे टेबलावर आखलेल्या अर्धवर्तुळातून, खेळला जातो आणि जो काळा पॉट करील, म्हणजे टेबलाच्या खिशात घालील, तो फ्रेम जिंकतो; फाउल (नियमबाह्य फटका) करणारा हरतो. स्पेन्सरने तो काळा पॉट केला.

प्रश्न: कर्क स्टीव्हन्सने १४७चा ब्रेक करूनही तो कसा हरला?

ब्रेक म्हणजे एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण; पण १४७ गुणांनीही फ्रेम एकच मिळते. पंधरा लाल चेंडूंपैकी प्रत्येकानंतर काळा पॉट करून (लालचा १ आणि काळ्याचे ७ गुण) १२० आणि उरलेल्या सहा रंगांचे २७, असा तो हिशेब. १९८४च्या उपांत्य सामन्यात पांढऱ्या सुटातील या कॅनेडियन खेळाडूने मास्टर्समधील पहिला १४७ नोंदवला, पण सामना जिमी व्हाइटने ६-४ असा घेतला आणि पुढे अंतिम सामन्यात टेरी ग्रिफिथ्सला हरवून विजेतेपदही मिळवले.

प्रश्न: १९९१चा अंतिम सामना एवढा का आठवला जातो?

नऊ फ्रेम जिंकणारा विजेता, अशा त्या सामन्यात माइक हॅलेट स्टीफन हेंड्रीविरुद्ध ७-० आणि नंतर ८-२ असा पुढे होता. त्याला हवी होती फक्त एक फ्रेम. हेंड्रीला सलग सात. हेंड्रीने त्या सातही घेतल्या. याच हॅलेटला १९८८च्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिसने ९-० असे हरवले होते, आणि तरीही मला १९९१चा पराभव कितीतरी अधिक जिव्हारी लागणारा वाटतो, कारण एकतर्फी सामन्यात खेळाडूच्या हाती काही उरलेले नसते, तर येथे प्रत्येक फ्रेमगणिक सामना संपवण्याची संधी त्याच्यासमोर येत होती आणि खुर्चीत बसून ती निसटताना पाहण्यावाचून बऱ्याचदा त्याला गत्यंतर नव्हते. हेंड्रीची थोरवीही येथेच दिसते. पिछाडीवर असताना बचावात्मक खेळात न शिरता तो लांबचे पॉट घेत राहिला. १९८९ ते १९९३ अशी सलग पाच वर्षे त्याने ही स्पर्धा जिंकली, म्हणून चषक कायमचा त्याच्याकडेच देण्यात आला. वेम्बलीत, म्हणजे स्पर्धेच्या तेव्हाच्या ठिकाणी, त्याची सलग २३ विजयांची मालिका १९९४च्या अंतिम सामन्यात ॲलन मॅकमॅनसने ९-८ अशी खंडित केली.