संस्थेचं लिखाण कामाच्या जवळ ठेवायचं असेल तर

सामाजिक संस्थेची पत्रकं, वार्तापत्र लिहायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर जुने प्रकल्प-प्रस्ताव आधी बाजूला ठेवा. भाषा बहुतेक वेळा तिथूनच बिघडते. निधीसाठी लिहिलेलं ‘लाभार्थ्यांचे सक्षमीकरण’ जसंच्या तसं पत्रकात उतरतं आणि गावातलं काम दिसेनासं होतं.

त्याऐवजी प्रत्यक्ष गावात काम करणाऱ्या चार-पाच कार्यकर्त्यांशी प्रत्येकी अर्धा तास बोला. ‘गेल्या आठवड्यात काय अडलं?’ एवढंच विचारा. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, मग शब्दशः उतरवा आणि त्यांची क्रियापदं जपा. ‘जलसंधारण उपक्रम राबवण्यात आला’ यात माणूसच नाही. ‘मे महिन्यात गावाने बंधाऱ्यातला गाळ काढला’ यात कोणी, कधी, काय केलं ते कळतं. पाणी टिकलं नसेल तर तेही लिहा. देणगीदार त्यानेच विश्वास ठेवतो.

यातून एका पानाचं टिपण करा: कोणते शब्द वापरायचे, कोणते टाळायचे, आकडे कोण तपासणार. दहा पानांचं केलंत तर कुणी उघडणार नाही.

फोटोची संमती सही घेऊन संपत नाही. मजकूर त्या माणसाला वाचून दाखवा, नको म्हणाला तर काढा. मुलांबाबत तर कायदाच आहे: बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार पीडित किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. नाव बदलून शाळा छापली, तरी ओळख उघड होतेच.

छापण्याआधी एखाद्या कार्यकर्तीला मजकूर मोठ्याने वाचायला द्या. ती अडखळेल ते वाक्य पुन्हा लिहा.