फोर-बाय-फोर पिकअप पुढून खाली दिसते. पुढचं सस्पेंशन न झिजवता ती लेव्हल कशी करायची?

तुमची इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप पुढून दबलेली आणि मागून उचललेली दिसते, ती सपाट करायची आहे, पण बॉल जॉइंट (चाक आणि सस्पेंशनचा आर्म जोडणारा सांधा) आणि सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकापर्यंत इंजिनाची ताकद नेणारा सांधा) लवकर जायला नकोत, असं तुम्ही विचारलंय. शॉकअपच्या डोक्यावर बसणारा स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती, लावू नका. दुकानदार काहीही सांगू दे, लावू नका. माझ्या गाडीला तो लावला होता, म्हणून इतकं ठाम सांगतोय.

आमची देवगडला कलमांची बाग आहे. 2016 ची व्ही-क्रॉस, पहिल्या लॉटमधली. घरापासून बागेपर्यंत शेवटचे तीन किलोमीटर सड्यावरची जांभ्याची वाट, पावसाळ्यात पडलेल्या चरांनी भरलेली. त्या वाटेवर तीन वर्षं, साठ हजार किलोमीटरपर्यंत पुढच्या एकाही जॉइंटने आवाज केला नाही. 2019 च्या मे महिन्यात आंब्याचे पैसे हातात आले आणि धाकट्या भावाने हट्ट धरला की गाडी लेव्हल करू, नाक खाली घालून उभी राहते ते बरं दिसत नाही. कोल्हापुरातल्या एका दुकानात 30 मिलीमीटरचे ॲल्युमिनियमचे स्पेसर बसवले. दोन तासांत काम झालं. गाडी पुढून साडेपाच सेंटीमीटर वर आली आणि दिसायला झकास दिसत होती, हे कबूल करतो.

30 चा स्पेसर घालून 55 कशी वाढली, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. शॉकअप खालच्या आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या आडव्या दांड्यावर, चाकापाशी नसतो, तो आतल्या बाजूला, साधारण मध्यावर बसतो. त्यामुळे वर जेवढी जाडी घालाल त्याच्या पावणेदोन ते दुप्पट चाक खाली जातं. खरी गोम त्याच्या पुढे आहे. कंपनीच्या मापात चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं की त्याला शॉकअप अडवतो, त्याची लांबी संपते. स्पेसरने अख्खा शॉकअपच खाली ढकलला की चाक आणखी खाली लोंबतं, आणि मग अडवायचं काम अपर बॉल जॉइंट, सीव्ही आणि अपर आर्मवर येऊन पडतं. ते त्या कामासाठी बनवलेलेच नाहीत.

अकरा हजार किलोमीटरनंतर वळताना डावीकडून टक-टक यायला लागली. तळेऱ्याजवळच्या आमच्या मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली. चाक काढल्यावर जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. सीव्हीच्या बाहेरच्या बुटाच्या, म्हणजे ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी आवरणाच्या, दोन घड्या सतत एकमेकींवर घासून फाटल्या होत्या. आतलं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला आणि आर्मवर गोल फवारलेलं, आणि त्यावर सड्याची लाल धूळ बसून त्याचा खरखरीत लगदा झालेला. बोटाने चोळला तर पॉलिश पेपरसारखा लागत होता. तोच लगदा जॉइंटच्या गोळ्यांमध्ये फिरत होता. मग मिस्त्रीने टायरखाली पहार घालून चाक उचललं, तर अपर बॉल जॉइंटमध्ये डोळ्यांना दिसेल इतका प्ले, म्हणजे ढिलेपणा.

भाऊ आजही म्हणतो की रस्ताच तसा आहे, स्पेसरचा काय दोष? रस्ता आधीची तीन वर्षंही तोच होता. शिवाय पुढच्या कॉइल स्प्रिंगवर, अपर आर्म आदळायचा त्या जागी, रंग जाऊन लोखंड चकाकत होतं. तो डाग रस्त्याने पाडलेला नाही. तो डाग मी त्याला दाखवला होता, तेव्हा तो काही बोलला नाही.

आता तुमचं काम. आधी मोजा. सपाट फरशीवर, टाकी भरून, चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी मोजा. जमिनीपासून मोजलंत तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. गाडी पाच-सहा वर्षांची असेल तर कॉइल दबून बसलेल्या आहेत का ते पाहा. कित्येकदा बराचसा दोष तिथेच असतो आणि नवीन कॉइल टाकल्या की निम्मा प्रश्न सुटतो.

त्यानंतरही वर घ्यायचीच असेल तर थोड्या कडक कॉइलने घ्या, आणि 25-30 मिलीमीटरवर थांबा. शॉकअप मूळ लांबीचा राहिला तर चाक लोंबायची शेवटची हद्द बदलत नाही. एरवी चालताना सीव्ही थोडा जास्त तिरका राहतो आणि खड्ड्यात चाकाला खाली जायला जागा कमी उरते, पण एवढं गाडी सोसते. माझ्या गाडीत आता हेच आहे. मागे-पुढे अडीच सेंटीमीटरचा फरक मी मुद्दाम ठेवलाय. पाट्यांवरची गाडी मागून उंच असते ती वजन पडल्यावर सपाट व्हावी म्हणून. आंब्याच्या पेट्या आणि डिझेल पंप मागे टाकला की माझी गाडी आपोआप लेव्हल होते. तुमच्या भावाला, मेहुण्याला, कोणाला नाक खाली दिसत असेल तर त्याला मागे बसवा आणि मग बघायला सांगा. मागचा पाटा काढून लेव्हल करायचा सल्लाही मिळेल. सामान वाहणाऱ्याने तो ऐकू नये.

कॉइलऐवजी टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) असलेल्या जुन्या गाडीत बोल्ट फिरवला की फुकटात उंची मिळते. तिथेही जास्त पिळलात तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात वरचा आर्म रबरावर आपटतो.

उंची बदलली की अलाइनमेंट त्याच दिवशी. त्याआधी गाडी थोडी मागेपुढे चालवून बसू द्या, जॅकवरून उतरवल्या-उतरवल्या माप चुकतं. नुसता टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) लावून सोडणाऱ्याकडे जाऊ नका, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल) बघायला लावा. नाक वर गेलं की कॅस्टर कमी होतो आणि हायवेला स्टिअरिंग भरकटतं. हेडलाइटही खाली घ्या, नाहीतर फोंडा घाटात समोरच्याचे डोळे दिपतील.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पुढे विंच किंवा लोखंडी बंपर लावला असेल तर माझी कॉइलची मापं तुम्हाला चालणार नाहीत, त्या वजनाच्या हिशेबाने कॉइल निवडावी लागेल. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. तेव्हा कॉइल मागवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, आणि विमा कंपनीकडून उत्तर लेखी घ्या.