प्रशिक्षण सभागृहात नको, गल्लीत घे

चि.,
अनेक आशीर्वाद.

शाश्वत वस्ती-नियोजनाचं अधिकाऱ्यांसाठीचं प्रशिक्षण आखायचं काम तुझ्याकडे आलं, हे कळून मनापासून आनंद झाला. पाठवलेला आराखडा नीट वाचला. व्याख्यानं चांगली निवडली आहेस. पण सगळी एकाच सभागृहात आहेत, आणि बोलावलेत ते फक्त नगररचनेचे लोक. माझं सांगणं थोडक्यात असं: सांगलीतली एक वस्ती निवड, आणि त्या वस्तीवर ज्यांच्या सहीने परिणाम होतो त्या सगळ्यांना एकाच वेळी तिथे उभं कर. परदेशी शहरांची चित्रं दाखवण्यात सकाळ घालवू नकोस. ती बघून लोक खूश होतात आणि दुपारी जुन्याच पद्धतीने फाइल पुढे सरकवतात.

वस्ती म्हणून शामरावनगर घे. सखल भाग, काळी माती, गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे करून पडलेले प्लॉट. पावसाळ्यात तिथे काय होतं ते सांगलीकराला सांगायला नको. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने घरं नियमित करायची सोय झाली. पण कागद नियमित झाला म्हणून गल्लीला उतार मिळत नाही, की मुलांना खेळायला मोकळी जागा सापडत नाही.

तिथे पहिला तास फक्त उंची मोजायला दे. मोठं यंत्र नको, गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरे. एक टोक जुन्या घराच्या उंबऱ्यापाशी धर, दुसरं रस्त्याच्या मध्यावर. मग रस्ता आणि गटाराचं चेंबर, मग शेजारच्या नव्या घराचं जोतं. चारही उंच्या एका कागदावर लिहायला लाव. बांधकाम परवानगीवाला जोतं मंजूर करतो, रस्तेवाला जुन्या डांबरावर नवा थर चढवतो, ड्रेनेजवाला त्या थराबरोबर चेंबरचं झाकण वर घेतो. प्रत्येकाचं काम आपापल्या नियमात बसतं आणि पाणी जुन्या घरात शिरतं. हे त्या तिघांनी एकत्र, एका दारात उभं राहून बघितलं पाहिजे. मग तिथेच विचार: या गल्लीत रस्त्याची शेवटची पातळी कोण ठरवणार? ती ठरली की पुढची प्रत्येक परवानगी तिच्यावर बेतता येते, आणि नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढायची अट निविदेत घालता येते. शाश्वत हा शब्द मला तरी या कागदावर जास्त खरा वाटतो.

दुसऱ्या दिवशी कृष्णा नदीकडे ये. २००५, २०१९ आणि २०२१, सोळा वर्षांत तीन मोठे पूर. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची, हे सगळ्यांना पाठ असतं. नकाशावरची ती रेषा प्रत्यक्षात कुणाच्या अंगणातून जाते, हे फार थोड्यांनी चालून बघितलेलं असतं. तेव्हा चालायला लाव. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर.

आणि एक गोष्ट सोडू नकोस. नदी चढली की नाल्यांतलं पाणी उलटं फिरतं आणि काठापासून लांबच्या वस्तीत आतून येतं. म्हणून नाल्याच्या तोंडापासून वरच्या दिशेने जायचं. वाटेत तीन प्रश्न: नदीचं पाणी आत येऊ नये म्हणून नाल्याच्या तोंडाची झडप कोण बंद करणार, नदी किती फुटांवर असताना, आणि बंद केल्यावर वस्तीत साचणारं पावसाचं पाणी कुठल्या पंपाने बाहेर काढणार? उत्तरं विभागाच्या नावाने घेऊ नकोस. पदाच्या नावाने घे.

लेखाधिकाऱ्यांना न विसरता बोलाव. विकास आराखड्यात बाग, शाळा, मैदान यांची आरक्षणं टाकणं सोपं असतं. १९६६ च्या नगररचना कायद्यातलं कलम १२७ सगळ्यांसमोर वाच. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. एवढं झाल्यावर ती बाग नकाशावरही उरत नाही. म्हणून लेखाधिकाऱ्यांच्या शेजारी बसून आरक्षणांना क्रम लावून घे: कोणती जागा पैसे देऊन, कोणती टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क) देऊन, आणि कोणती आधी. मोठ्या उद्यानाच्या हट्टापायी चार गल्ल्यांतल्या लहान मोकळ्या जागा जाऊ देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. म्हातारी माणसं आणि लहान मुलं चालत जाऊ शकतील तेवढ्याच अंतरावरची बाग त्यांची असते.

फुटपाथबद्दल फार बोलायला नको. भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगतात. टेप घेऊन मिरज रोडवर मोजा, मधे आलेले खांब आणि विजेच्या डीपी-पेट्या लिहून घ्या. गाड्यांवर विकणाऱ्यांना मात्र अडथळ्यांच्या यादीत टाकू नकोस. २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा त्यांच्या आहेत. त्यांचा प्रतिनिधी प्रशिक्षणात बसला पाहिजे, श्रोता म्हणून नव्हे.

बोलावण्याची यादीही बदल. प्रतिनियुक्तीवरचे साहेब दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जातात. कनिष्ठ अभियंता, स्वच्छता निरीक्षक, मुकादम इथेच राहतात. कुठलं चेंबर पहिल्या पावसात तुंबतं ते मुकादमाला झोपेत विचारलं तरी सांगेल, पण बैठकीत त्याला कुणी विचारत नाही. त्याला पहिल्या रांगेत बसव आणि साहेबांच्या आधी बोलू दे. साहेबांना आधी सांगून ठेवलंस तर ते वाईट वाटून घेणार नाहीत. उलट बरेच जण वही काढतात, असा माझा अनुभव आहे.

तारखा तेवढ्या बदल. मार्चमध्ये बिलांची घाई असते, कुणी येणार नाही. आलं तरी लक्ष फोनवर. पहिले दोन दिवस जानेवारीत घे. तिसरा दिवस तोडून ऑक्टोबरला ने, आणि त्याच लोकांना त्याच गल्ल्यांत परत घेऊन जा. जानेवारीत ठरलेल्या कामांची यादी तोपर्यंत प्रत्येकाच्या हातात हवी: काम, पद, फाइल क्रमांक. तिची एक प्रत आयुक्तांच्या टेबलावर जाऊ दे. यादीचा मसुदा झाला की मला पाठव, रविवारी बसून बघू.

तुझा,
काका