अनुदानात हिस्सा मागणारा सल्लागार

प्रश्न : कराडजवळच्या गावात मी सहा वर्षं कांदा-लसूण मसाला करून विकते. आता भाजणीचं यंत्र आणि दळणाचा पल्व्हरायझर घ्यायचाय, खर्च आठ लाख. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेसाठी दोन सल्लागार भेटले. एकाचं चकचकीत ऑफिस आहे. तो आगाऊ २५ हजार मागतो आणि अनुदान झालं की त्यातले १० टक्के. 'दोन महिन्यांत पैसे तुमच्या खात्यावर, जबाबदारी माझी' म्हणतो. दुसरा एकटाच काम करतो, १२ हजार सांगतो. पण कर्ज होईलच असं म्हणत नाही, उलट मलाच प्रश्न विचारत बसतो. कोणाला धरू?
— एक भगिनी, कराड तालुका

उत्तर : ताई, पहिल्याला अजून काही दिलं नसेल तर देऊ नका. या योजनेत अनुदान ३५ टक्के, आठ लाखांवर म्हणजे २ लाख ८० हजार. त्यातले २८ हजार त्याचे, वर आगाऊ २५. झाले ५३ हजार. गंमत पुढेच आहे. हे अनुदान रोख हातात पडत नाही. ते बँकेत कर्जाशी जोडून ठेवतात आणि तीन वर्षं खातं नीट चाललं की कर्जात वळतं करतात. म्हणजे त्याचे २८ हजार तुम्ही पदरचेच मोजणार. शिवाय कर्ज मंजूर करणं बँकेच्या हातात. त्याची 'जबाबदारी' हा कसला घेणार?

नुसत्या अर्जासाठी तर दोघांचीही गरज नाही. या योजनेत अर्जाला मदत करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांचं मानधन सरकार देतं. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात नाव विचारा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तीही फुकट असते, तिचे कोणी हजार-दोन हजार लावले तर उठून या.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्जाच्या टेबलावर. कर्जासाठी सल्लागार प्रकल्प अहवाल करून देतात. एकदा मसाल्याच्या युनिटचा असा अहवाल आला, गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. टाकाऊ मालाच्या रकान्यात लिहिलेलं : काजूची टरफलं! कोकणातल्या कुणाचा तरी अहवाल, नाव तेवढं बदललेलं. मी कर्ज मागणाऱ्या बाईंना विचारलं, त्यांनी सल्लागाराकडे पाहिलं, सल्लागाराने मोबाइलमध्ये. प्रकरण परत गेलं आणि त्यांचा मिरचीचा हंगाम हुकला.

म्हणून मला दुसऱ्याचे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. ते कोणते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मिरची कधी भरता, हे त्याने विचारलं का? ब्याडगी-संकेश्वरी तुम्ही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घेऊन ठेवत असणार आणि मसाला वर्षभर विकत असणार. यंत्र दुप्पट दळायला लागलं की मिरचीही दुप्पट भरावी लागेल, तिचे पैसे कुठून? त्यासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे माल भरायला लागेल तसं उचलायचं कर्ज, वेगळं मागावं लागतं. पुष्कळ अहवालांत यंत्राचा पै-पैचा हिशेब असतो आणि खेळत्या भांडवलाच्या नावाने शून्य. डेखं (देठं) काढली, मिरची वाळवली की वजन किती घटतं? दुकानदार पैसे किती दिवसांनी देतो? हे विचारणारा माणूस तुमचा धंदा समजून घेतोय. विचारत नसेल, तर तोही नको.

पाटीवर 'कन्सल्टंट' कोणीही लिहू शकतो. त्यामुळे त्याने ज्यांची कामं केली अशा दोघांचे नंबर घ्या आणि त्यांना एवढंच विचारा, की कर्ज मिळाल्यावर हा फोन उचलतो का.

दुसऱ्याचं ठरलंच, तर सहा हजार आधी आणि सहा अहवाल तुम्हाला मराठीत समजावून सांगितल्यावर. बँकेत साहेब तुम्हाला विचारणार आहे, त्याला नाही. पावती घ्या. जाताना मिरची खरेदीची वही न्या, आणि उधारीचीही. लाजू नका, सगळ्यांचीच असते.