‘आज सायंकाळी’ म्हणजे कुठल्या दिवशी?

तुम्ही विचारलंत

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच: आम्ही लिहितो, फोटो टाकतो, पण पलीकडून कुणी बोलत नाही. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण त्या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे.

प्रश्न: गेली चोवीस वर्षं मी नारदीय कीर्तन करते. ठाण्यात, कोपरखैरणेला, नेरुळला देवळांमधून सेवा होते. भाचीने फेसबुकवर पान उघडून दिलंय. कार्यक्रम ठरला की त्यावर बॅनर टाकतो. वीस-पंचवीस अंगठे येतात, हात जोडलेली चित्रं येतात, तेवढंच. समोर बसलेल्या माणसांशी जे नातं जुळतं, ते इथे का जुळत नाही?
— एक कीर्तनकार, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, तुमच्या पानावर मी दोन वर्षं मागे जाऊन आले. बॅनरच बॅनर. नऊवारीतला तुमचा फोटो, खाली स्थळ, वेळ आणि ‘भाविकांनी लाभ घ्यावा’. ही नोटीस झाली. देवळाच्या फळ्यावर ती हवीच, पण फळ्याशी कुणी गप्पा मारत नाही.

पत्रात तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहून गेलात. आरती झाली की बायका पाया पडायला येतात आणि तेव्हा हळूच शंका विचारतात. कोपरखैरणेच्या एका आजींनी विचारलं, मध्यंतरात सगळ्यांना बुक्का का लावतात, आणि तुम्ही चपला पायात सरकवेपर्यंत त्यांच्याशी बोलत होतात. हे तुमच्या पानावर का नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तेवढंच लिहा: आजींनी काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत. आठ-दहा ओळी पुरेत. आजींचं नाव नको, त्यांना विचारल्याशिवाय फोटो तर मुळीच नको. पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, तुम्ही एकच अभंग धरता आणि त्याचंच निरूपण करता ना? इथेही एका वेळी एकच शंका धरा. आख्यान लावायचा मोह होईल, पण ते उत्तररंगासाठी राहू दे, समोर माणसं बसलेली असताना. आणि आजींशी ज्या भाषेत बोललात त्याच भाषेत लिहा. लिहायला बसलं की भाषा ताठ होते, ती होऊ देऊ नका.

याहून महत्त्वाचं पुढे. कुणी खाली दोन शब्द लिहिले, तर उत्तर द्या. हात जोडलेल्या चित्राला उलट तेच चित्र नको. नाव घेऊन, त्यांनी जे विचारलंय त्याचं उत्तर. इतक्या आग्रहाने सांगते, कारण यात मी एकदा वाईट चुकले आहे.

2009 पासून मी ब्लॉग लिहिते. जांभळी नाक्याच्या मंडईत पावसाळ्यात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी. त्यांच्याकडून ऐकलेलं लिहून ठेवावं म्हणून तो सुरू केला. एका जूनमध्ये शेवळं या रानभाजीवर लिहिलं. शेवळं खाजरी असतात, म्हणून भाजीत काकडं घालतात. ती लहान हिरवी आंबट फळं शेवळांच्या जुडीबरोबरच त्या बायका देतात. हे सगळं सविस्तर लिहिलं, पण काकडं मिळाली नाहीत तर काय करायचं, ते लिहायचं राहिलं. बेलापूरच्या एका बाईंनी नेमकं तेच विचारलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, जेवण तुटलेलं, आणि त्यांना शेवळांची भाजी खावीशी वाटली होती. बाईंना शेवळं मिळाली होती, काकडं नव्हती.

मी मंजूर केल्याशिवाय प्रतिक्रिया दिसू नये, अशी सोय ब्लॉगवर मीच करून ठेवली होती. मंजुरीचं ते पान मी उघडलं थेट फेब्रुवारीत. उत्तर एका ओळीचं होतं: चिंचेचा घट्ट कोळ घाला. शेवळं बाजारात येतात ती पावसाच्या तोंडावर, जेमतेम काही आठवडे. मी उत्तर लिहिलं, माफी मागितली. त्यांच्याकडून पुढे काही आलं नाही. त्या भाजीचं काय झालं असेल, हे दर जूनमध्ये मंडईत गेले की मनात येतंच.

तेव्हापासून आठवड्यातल्या तीन संध्याकाळी अर्धा तास फक्त उत्तरांसाठी ठेवला आहे. नवीन लेख राहिला तर राहू दे. तुम्हीही कीर्तन नसेल त्या दिवशीचा असा एक वेळ ठरवा. भाचीला उत्तरं लिहायला सांगू नका, टाइप करायला हवं तर सांगा.

बॅनर बंद करायची गरज नाही, पण ‘आज सायंकाळी 6 वाजता’ असं त्यावर कधीही लिहू नका. बॅनर फॉरवर्ड होत होत तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी फोनवर पोचतो. ती बाई रिक्षा करून येते आणि देवळात झाडलोट चाललेली असते. वार, तारीख, महिना, वर्ष, सगळं लिहा. हाच मजकूर चित्राच्या वर टाइप करूनही टाका. अंध श्रोत्यांना फोन जे वाचून दाखवतो, ते टाइप केलेलं असलं तर नीट वाचतो. चित्रातल्या अक्षरांचा भरवसा नसतो. कीर्तनाला अंध श्रोते किती मनापासून बसतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

प्रश्न: दर हिवाळ्यात मी लोकांना खाडीत फ्लेमिंगो दाखवायला नेतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साडेसहाशे जणांचा ग्रुप झालाय. सुप्रभात आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांत माझी माहिती वाहून जाते, आणि तेच ते प्रश्न पुन्हा येतात. ब्लॉग आता कुणी वाचतं का?
— एक पक्षीनिरीक्षक, ऐरोली

उत्तर: वाचतात. रोज उठून नाही, गरज पडली की शोधत येतात. बोटीच्या वेळा भरतीवर का ठरतात, लहान आणि मोठा फ्लेमिंगो चोचीवरून कसा ओळखायचा, गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून कसा येतो, ठाणे खाडीच्या या भागाला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला म्हणजे नेमकं काय झालं, हे एकदा ब्लॉगवर नीट लिहा. मग ग्रुपवर कुणी विचारलं की नुसती लिंक टाकू नका. आधी त्या माणसाला एका वाक्यात उत्तर द्या, खाली लिंक द्या. लिहिलेल्याची एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवरही असू दे. 2014 मध्ये ऑर्कुट ही सोशल साइट बंद झाली, तेव्हा कितीतरी मराठी कम्युनिटींमधल्या गप्पा कुणी उतरवून ठेवल्याच नव्हत्या.

ग्रुपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. व्हॉट्सअ‍ॅप 1024 माणसं घेऊ देतं, म्हणून घ्यायची असं नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि अनोळखी माणसाचे मेसेज येऊ लागले की बायका काही न बोलता ग्रुप सोडतात. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत 256 जण बसतात, कुणाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही, आणि उत्तर आलं तर ते फक्त तुमच्याकडे येतं. साडेसहाशेंना तीन याद्या पुरतील. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून बोटीत चढण्याआधी, सगळे धक्क्यावर उभे असताना, फोन काढायला लावून नंबर सेव्ह करून घ्या. तेव्हाच प्रत्येकाचं नावही विचारा आणि यादीत घालू का, तेही.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या वार्षिक अंकातला मजकूर डीटीपीवाल्यांकडून घेऊन फेसबुकवर चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो.
— कार्यवाह, कळवा

उत्तर: तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आहे. ‘युनिकोड करून द्या’ एवढंच सांगा. आल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

प्रश्न: आम्ही आठ मित्रमैत्रिणी एकांकिका करतो. तालमीच्या एका रीलला चाळीस हजार व्ह्यू मिळाले. ठाण्यात प्रयोग लावला तर माणसं आली बावन्न. काय चुकतंय?
— वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर: रील ज्यांना दिसलं, त्यांतले बहुतेक तुम्हाला ओळखत नसणार, आणि ठाण्यात राहतही नसतील. अनोळखी माणसांपुढे नेऊन ठेवणं हे रीलचं काम, ते त्याने केलं. खातं प्रोफेशनल असेल तर इन्साइट्समध्ये बघणाऱ्यांची शहरं दिसतात, उघडून पाहा.

मला काळजी वाटते ती या बावन्न जणांची. तिकीट काढून आले, कुणी घोडबंदर रोडचं ट्रॅफिक काढत आले. त्यांतल्या एकाचं तरी नाव तुमच्याकडे आहे का? पुढच्या वेळी पडदा पडला की सगळ्यांनी मेकअप उतरवायला जाऊ नका. दोघांनी वही घेऊन दाराशी उभं राहायचं. ज्यांना पुढच्या प्रयोगाचं कळवायला हवं, ते नाव आणि नंबर लिहितील. तो माणूस जाता जाता काय म्हणाला, ते तुम्ही शेजारी लिहून घ्या. ‘आईचं काम आवडलं.’ ‘शेवट कळला नाही.’ ‘मागे ऐकू येत नव्हतं.’

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगळा निरोप जाऊ दे, त्याच्या त्या वाक्याला धरून. आठ जणांत बावन्न म्हणजे माणशी सहा-सात निरोप होतात. ‘मागे ऐकू येत नव्हतं’ म्हणणाऱ्या काकांना पुढच्या प्रयोगाआधी कळवा, की या वेळी आमच्यापैकी एकाने शेवटच्या रांगेत बसून पूर्ण तालीम ऐकली आहे. अर्थात, खरंच बसून ऐका. आणि ती वही दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या कशासाठी देऊ नका.

पुढचा प्रयोग कधी आहे, ते पत्रात नाही. मला कळवा, मी येते, वहीत नाव लिहिते. वार आणि तारीख दोन्ही लिहा.